महिनाअखेरची जोडणी

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हिंजवडीतल्या एका कंपनीत खानोलकर साहेबांचा हुकूमच होता: नऊ जणांनी महिनाभर आपापला कोड लिहायचा आणि शेवटच्या दिवशी एकदम जोडायचा. जोडला, की बिल्ड, म्हणजे सगळ्यांच्या कोडचं मिळून बनणारं सॉफ्टवेअर, कोसळायचं. या खेपेला साहेब कडाडले, "वैदेही, दोनच्या आत गुन्हेगाराचं नाव द्या, नाहीतर तुम्हीच घरी जा!"

बिल्ड सांभाळणारी वैदेही जागेवर बसेना. प्रत्येकाचा कोड सुटा तपासला, तर बिनचूक! शेवटी तिनं नऊही जणांचे जेवणाचे डबे कॅन्टीनच्या एका पातेल्यात ओतले. बांगड्याच्या कालवणात श्रीखंड, वर कारलं. ते साहेबांपुढे ठेवलं.

"शी! हे काय?"

"घरून निघताना सगळं चविष्ट होतं, साहेब. आता सांगा, कोणाच्या आईचा स्वयंपाक बिघडलाय?"

साहेबांनी नाक दाबूनच नवा हुकूम काढला: कोड रोजच्या रोज जोडा. वैदेहीची नोकरी वाचली. नऊ जण मात्र उपाशी राहिले.