गेनूच्या सायकलीचा सरंजाम

एका गावात एक भोळा गेनू होता. भोळा हे आपलं त्याच्या आईला बरं वाटावं म्हणून म्हणायचं. एरवी गेनू निव्वळ ठोंब्या होता. गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी. रविवार उजाडला की शहरातली मंडळी डोंगरी सायकली घेऊन तिथे येत आणि ज्या पायवाटेवरून शेळीसुद्धा जपून उतरते, तिथून हौसेने गडगडत खाली येत. गावाला करमणूक होती.

गेनूचं लग्न काही जमत नव्हतं. शेवटी बापूमामाने, म्हणजे त्याच्या आईच्या धाकट्या भावाने, घाटमाथ्यावरच्या ढमाले पाटलांकडे शब्द टाकला. ढमाल्यांची कल्याणी शिकलेली, चुणचुणीत पोरगी. पाटील म्हणाले, "दिवाळीनंतर घाटात सायकलींची शर्यत हाय. खालनं सुटायचं, वर आमच्या देवळापाशी यायचं. पोराला म्हणावं, तू बी ये. पयला नगं यायला. हातात घेतलेलं काम तडीला नेतो का, येवढंच मला बघायचंय. पोचला, तर पोरगी दिली."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापू, ह्या बारीला तरी जमव बाबा. हे स्थळ गेलं तर माझ्यामागं ह्याला भाकर कोण घालनार?"

मामा शहाणा होता. म्हणजे गेनूपेक्षा शहाणा होता, आणि तेवढ्यावरच त्याची सारी मिजास. स्वतः तो कधी बांधावरूनसुद्धा सायकलीने गेला नव्हता. पण पोराला घाट चढायला शिकवायचं सोडून त्याने शहरातल्या दुकानातून सामान आणायचा सपाटा लावला. आधी सायकल आणली, मग तिच्यामागून एकेक चीज येऊ लागली. घोड्याआधी नाल घेणारे पुष्कळ असतात. मामा घोडा घेऊन नालातच रमला.

पहिलं आलं हेल्मेट. वरून भोकं, आतून मऊ गादी. मामा म्हणाला, "गेनू, हे ठिव. लई कामाचं हाय." संध्याकाळी येऊन बघतो तर हेल्मेटात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आरं, हे काय केलंस?"

"मामा, कोंबडीच्या लई कामाला आलं."

"उठव ती कोंबडी! दुकानातनं आणलेली चीज डोस्क्यावर चढवायची आन पट्टा हनवटीखाली घट्ट आवळायचा!"

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. गेनू काही विसरत नसे, हीच तर सगळी पंचाईत होती.

दुसऱ्या खेपेला मामाने पाठीवरची पाण्याची पिशवी आणली. तिला एक लांब नळी, म्हणजे चालत्या सायकलीवर पाणी पिता यावं. गेनूने पिशवी भरली, डोक्यावर चढवली आणि पट्टे हनुवटीखाली आवळले. बूच लावायचं कुणी सांगितलं नव्हतं. सगळं पाणी मानेवरून विजारीत उतरलं. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि का हसू नये?

"गाढवा, ही पाठीला बांधायची! नळी तोंडात धरायची, तहान लागली की जोरात वढायचं!"

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

मग आला हवा भरायचा पंप. मामा बघतो तर गेनूने पंप पाठीला करकचून बांधलेला, नळी तोंडात, आणि गाल आत ओढून ओढून डोळे पांढरे झालेले.

"मामा, ह्याचं पानी संपलंय वाटतं. नुसता वारा येतोय."

मामाने कपाळावर हात मारला. "आरं, ही चीज चाकाला लावायची! नळी चाकाला टेकवायची आन दाबत ऱ्हायचं. हात भरून आलं तरी थांबायचं न्हाई!"

"असं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

त्यानंतर साखळीला घालायची तेलाची बाटली आली. एका थेंबाचं काम. गेनूने बाटलीची नळी चाकाला टेकवली आणि दाबत राहिला. हात भरून आले तरी थांबला नाही. पुढचं चाक न्हालं, मागचं न्हालं, ब्रेक तेलात बुडाले. मग स्वारी सायकलीवर बसून उताराला लागली. ब्रेक दाबला तर सायकल थांबायची सोडून अंमळ खुशीतच सुटली. गेनू सरपंचांच्या कुंपणातून आरपार गेला आणि त्यांच्या उकिरड्यात डोक्यासकट रुतला.

मामा धावत आला. भाच्याला काय लागलं हे त्याने विचारलंसुद्धा नाही. तो सायकलीला पडलेला ओरखडा बघून कळवळला. सामानाच्या वेडाने माणसाचं असंच होतं, त्याला पत्रा दिसतो आणि पोरगं दिसत नाही.

"येवढी महागाची वस्तू आशी मातीत घालत्यात? घरात ठेवायची! कोंडून भायेरनं कुलूप घालायचं! वारासुदीक लागू द्यायचा न्हाई!"

"असं व्हय," गेनू शेण पुसत म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

शर्यतीचा दिवस आला. मामा पहाटेच वर जाऊन देवळापाशी पाटलांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला. खाली गेनू गर्दीत उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी, कमरेला पंप, खिशात तेलाची बाटली, छातीवर नंबर. एवढा नटलेला गडी सबंध शर्यतीत दुसरा नव्हता. शिट्टी झाली आणि सगळे सुटले.

चढ असा उभा की अर्ध्या वाटेत एकेक जण खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. पुढे वाट आणखी अरुंद झाली, तेव्हा सायकली खांद्यावर आल्या. गेनू मात्र त्यांच्यामधून नळीतून पाणी ओढत भराभर वर गेला. वरच्या लोकांना करवंदीच्या जाळ्यांवरून आधी त्याचं हेल्मेट तेवढं दिसलं.

"पाटील, पयला आला! आपला गेनू पयला आला!" मामा ओरडला. हलगी कडाडली. पाटील खूश होऊन उठले आणि त्यांनी हार हातात घेतला. मामाने मिशीवर ताव दिला, जणू घाट त्यानेच चढला होता.

गेनू धापा टाकत जाळीतून बाहेर आला आणि देवळापुढच्या मांडवात येऊन उभा राहिला. हलगी थांबली. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी कल्याणीनेच विचारलं, "आवो, सायकल कुठंय?"

"घरात," गेनू अभिमानाने म्हणाला. "मामांनी सांगितलं तसं कोंडून कुलूप घातलंय. वारासुदीक लागू दिला न्हाई."

मामा हळूच खांबाआड सरकला. पाटलांच्या हातातला हार तसाच राहिला आणि चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा बघून गेनूला वाटलं, म्हाताऱ्याला लेकीच्या काळजीने घेरलंय. तो पुढे झाला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला,

"पाटील, तुमी बिनघोर ऱ्हावा. तुमची कल्याणी माझ्या घरात आली ना, की तिलाबी असंच कोंडून भायेरनं कुलूप घालतो."