पेवाच्या तोंडाशी

"मग यात चूक कुठे आहे, अण्णा?"

वैजयंतीने लॅपटॉप जिनगोंडा अण्णांकडे वळवला. शेतापासून स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत हळदीचा सगळा प्रवास तिने एका चित्रात बसवला होता. शेत, वाळवण, पॉलिश, पेव, ट्रक, कारखाना. प्रत्येकाला चौकट, चौकटीत वेळ, मधे हिरवेगार बाण.

अकरा वाजता पुण्याच्या मसालेवाल्यांची माणसं हे पाहायला येणार होती. पसंत पडलं, तर वर्षभराचा माल हरिपुरातून उचलणार. वैजयंतीने स्वतः जुळवलेला हा पहिलाच सौदा.

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"चूक कोण म्हणतंय? झकास आहे की. एवढं वाच फक्त."

"पेव उघडणे, आठ. ट्रक भरायला सुरुवात, सव्वाआठ."

"पंधरा मिनिटांत?"

"गोदामवाले दहा मिनिटांत माल काढतात, अण्णा! आपण किती दिवस मागे राहायचं?"

अण्णा गालात हसले. पेढीवर आल्यापासून दोन वर्षांत पोरगी वासावरून हळकुंडाचं गाव सांगायला शिकली होती. पण सकाळची वेळ तिची बाजार समितीत जायची. पेव उघडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"चल, आज उघडतायत. तुझा बाण कसा पळतो बघू."

परसात जमिनीच्या पोटात दोन पुरुष खोल ते हळदीचं पेव. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. बाबालाल हमालाने माती सारली, फरशी बाजूला केली. कोंडलेला उबट वास वर आला.

वैजयंतीने घड्याळ पाहिलं. बरोबर आठ.

बाबालालने पोतं अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि तंबाखू मळायला घेतली.

"बाबालालचाचा, उतरताय ना?"

"अण्णांना इचारा की, ताई."

"उतरेल, उतरेल," अण्णा म्हणाले. "तू म्हणशील तेव्हा उतरेल. त्याच्याआधी एवढं कर."

त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि दोरी तिच्या हातात दिली.

"सोड हळूहळू."

पिवळा उजेड भिंतीवरून खाली सरकत गेला. एक हात... दोन हात... ज्योत बारीक झाली. वारा नव्हता, हिसका नव्हता.

ज्योत विझली.

वैजयंतीने कंदील वर ओढला. काच अजून गरम होती. तिने बाबालालकडे पाहिलं. तो निवांत तंबाखू मळत होता.

"रोजचंच हाय, ताई."

"किती वेळ लागतो?" तिचा आवाज उतरला होता.

"कधी दोन तास, कधी चार," अण्णा म्हणाले. "आत हवा खेळली की कंदील सांगतो. तोवर जो उतरला, तो गुदमरला."

ती तिथेच मातीत बसली. लॅपटॉप उघडला. पेव आणि ट्रक यांच्यातला बाण पुसला, तिथे एक कोरी चौकट काढली. आत काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

"अण्णा, ते विचारणारच, एवढा वेळ इथे काय होतं? काहीच होत नाही म्हटलं, तर उठून जातील. सौदा गेला तर...?"

अण्णांनी कंदील पुन्हा पेटवला. बाबालालने थोडं सरकून तिला पोत्यावर जागा करून दिली.

"लिही, इथे आम्ही बसतो," अण्णा म्हणाले. "आणि पाहुण्यांसाठी आणखी दोन पोती आण."