रिमोट गाडीपासून लांब ठेवा

आमच्या फलटणची जनावरांची डॉक्टर सुलक्षणा काकडे दिवसभर मोटारसायकलवरून गोठे हिंडते. तिची ही बिनचावीची गाडी रिमोट खिशात असला तरच सुरू होते. त्या रिमोटची बॅटरी काही महिन्यांतच संपली आणि अडलेल्या गाईपाशी तिला पायी धावावं लागलं. ती तक्रार घेऊन गेली, तर शोरूमचा मॅनेजर भर गिऱ्हाइकांत गुरकावला, "मॅडम, बॅटरी दोन वर्षं चालते. तुम्ही रिमोट गाडीजवळ ठेवता, म्हणून उतरते. आधी चूक कबूल करा, मग रिमोट बदलून देतो."

"मग ठेवायचा कुठे?"

"गाडीपासून चांगला लांब!"

"म्हणजे गाडी पुढे पळणार आणि मी रिमोट घेऊन मागून धावणार? एकदा तुम्हीच धावून दाखवा, साहेब!"

शोरूम हसून दणाणलं. चूक मॅनेजरनंच कबूल केली. नवा रिमोट खिशात घालून आमची डॉक्टर ऐटीत गोठ्याकडे निघाली.