आठ पायांपैकी एक

“पण मिस्त्री, नुसतं ठोकून नाही का कळणार तुम्हाला? चाळीस वर्षं हेच करताय ना?”

सदोबा मिस्त्रींनी बोटाच्या पेराने एका बाकाच्या पायावर ठोकलं. कान लावला. मग दुसऱ्या बाकावर ठोकलं. पुन्हा कान.

मी पण कान पुढे केला.

“काय कळलं?”

“लाकूड आहे.”

टेम्पोवाले अफजलभाई फिस्सकन हसले. मला हसू येईना. सकाळचे जेमतेम आठ वाजले होते.

बारा वाजता ताईचं डोहाळजेवण होतं. आमच्याच घरी.

डॉक्टरांनी तिला खाली बसायला मनाई केलीये. आणि आमच्याकडे डायनिंग टेबल कधी नव्हतंच, आम्ही पहिल्यापासून ताटं घेऊन टीव्हीसमोर. म्हणून मी जाहीर करून टाकलं होतं, टेबल मी बनवणार! टेबल आणि दोन बाक. घरच्या गॅलरीत, माझ्या हातांनी. दुकानातलं काहीही आणायचं नाही.

आणि बनवलं ना! सव्वा महिना लागला. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले तर आत्यापासून मावसभावापर्यंत सगळ्यांचे अंगठे आणि बदाम. ताईने लिहिलं, “ऋजू, मधली जागा आमची. आम्ही दोघं बसणार.”

आम्ही दोघं म्हणजे ती आणि पोटातलं. सातवा महिना. याआधी एकदा पाचव्या महिन्यात... जाऊ दे. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

फक्त एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

एका बाकाला पाय बसवताना मी घाई केली. आधी ड्रिलने भोक पाडायचं असतं, मग स्क्रू. मी स्क्रू डायरेक्ट घातला. कर्र... असा आवाज आला. पायाच्या वरच्या टोकाला, अगदी सांध्यापाशी, चांगला बोटभर तडा.

त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवायचा आणि खिळ्याच्या भोकात भरायचा, हे याच मिस्त्रींनी शिकवलेलं. मी तो तड्यात भरला. वाळल्यावर घासला. वरून पॉलिशचे तीन हात. असला भारी बसला की मी स्वतःलाच टाळी दिली.

मग दोन्ही बाक वाळायला गच्चीवर ठेवले. ऊन फिरेल तसे आईने ते चारपाच वेळा हलवले. आणि काल दुपारी मी तो पाय एकदा चेक करायला गेले, तर...

सापडेना.

नखाने खरवडून बघितलं. टॉर्च मारला. बाबांचं भिंग घेतलं. दोन बाक, आठ पाय, आणि आठही एकसारखे. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम इतकं परफेक्ट केलं होतं.

“दोन्ही आणलेस,” मिस्त्री म्हणाले. “टेबल?”

“टेबल पक्कं आहे.”

“हं.”

हा ‘हं’ माझ्या ओळखीचा. सहा रविवार मी त्यांच्या या पंचवटीतल्या शेडमध्ये शिकायला यायचे. सातव्यापासून बंद केलं. कारण मला यायला लागलं होतं! मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ होते, आणि मिस्त्री अजून रंधा कसा धरायचा तेच घोटून घेत होते.

“मला फक्त एवढं सांगा, चांगला बाक कुठला. तोच नेते. बाकीच्या बायका बसतील खुर्च्यांवर.”

मिस्त्रींनी डाव्या बाकावर हात ठेवला.

“हा चांगला, समज.”

“समज म्हणजे?”

“बस त्याच्यावर.”

...

बसायला काय लागतं हो? गुडघे वाकवायचे. माझे वाकेनात.

“तुमचा कान चुकला असेल तर?”

“ओ मॅडम!” अफजलभाई दचकले. “मिस्त्रींना काय विचारता!”

मिस्त्री काही रागावले नाहीत. बाकाच्या पायावरून अंगठा फिरवत राहिले, वरून खाली, खालून वर.

“माझा कान चुकेल,” ते म्हणाले. “तुझा हात चांगला आहे.”

आणि माझ्या हातात एक जाडाभरडा पॉलिश पेपर ठेवला.

“काढ.”

“काय?”

“पॉलिश.”

“आत्ता? अहो, बारा वाजता पंचवीस बायका येणारेत! सव्वा महिन्याची मेहनत आहे ती, मिस्त्री!”

“फोटो आहेत ना?”

झालं. मी जमिनीवर बसले आणि डाव्या बाकाचा पहिला पाय घासायला घेतला.

पॉलिश निघतं तेव्हा आधी पांढरी पूड येते, मग खालचं फिकं लाकूड दिसतं. पहिला पाय, काही नाही. दुसरा, काही नाही. फोन वाजला. आई.

“अगं आहेस कुठे? गजरेवाली आलीये, आत्या आलीये. बाक कुठे गेले?”

“शेवटचा हात मारतेय, आई.”

“लवकर ये. ताई सारखी विचारतेय. आजचा सगळा थाट तुझ्या टेबलावर आहे म्हणाली.”

फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. ताई मधे बसलीये, हिरवी साडी, डोक्यात फुलं, ओटीत नारळ. शेजारी काकू. टोकाला आत्या, जी कधी बसत नाही, स्वतःला सोडून देते. कुणीतरी नाव घ्यायला लावलंय. ताई हसता हसता मागे रेलते, आणि...

कर्र.

माझा हात थांबला. तो आवाज मी खरंच ऐकला, आईशप्पथ. मागे वळून बघितलं. मिस्त्री खिळ्यांचा डबा सरकवत होते.

तिसरा पाय. पूड उडाली. लाकूड फिकं झालं आणि त्याच्यात एक गडद रेघ उमटायला लागली. आधी केसाएवढी, मग लांबत लांबत बोटभर.

“सापडला!” मी टुणकन उठले. “मिस्त्री, सापडला! हाच तो! अहो, तुम्ही चांगला म्हणालात तोच निघाला!”

“समज म्हणालो होतो.”

मी त्यांचं ऐकलं असतं तर? हाच टेम्पोत घालून नेला असता तर? पण गेलं ना टळून! मला इतकं हलकं वाटलं की मी अफजलभाईंना जवळपास मिठीच मारणार होते.

“भाई, चला चला, तो उजवा वर घ्या! दहा वाजले. आंघोळ पण व्हायचीये माझी.”

त्यांनी बाक उचलून टेम्पोत ठेवला. मी दोरी बांधायला घेतली.

“त्याचे चार पाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“त्याचं काय? तो चांगला आहे. तडा एकच गेला होता, मिस्त्री. मी स्वतः ऐकला.”

“ऐकलास तो एक.”

...

दोरी हातातच राहिली.

“त्याला स्क्रू किती?” त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे, घरी माणसं किती असं विचारावं तसं.

“सोळा.”

“भोक पाडून किती?”

मी अफजलभाईंकडे बघितलं. ते टेम्पोच्या टायरकडे बघत होते.

“आठवत नाही.”

“आवाज नाही आला?”

“कानात...” मी दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. “कानात गाणी होती.”

मिस्त्री रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते टेम्पोतल्या बाकाकडे बघत होते. चकचकीत. एक डाग नाही. फोटोत तर काय दिसत होता!

मला त्या बाकाची भीती वाटायला लागली. खरंच सांगते. खाली पडलेल्या, उघड्या पडलेल्या, रेघ दिसणाऱ्या बाकाची नाही. त्या सुंदर बाकाची. मी मागे सरकले. जणू तो आपणहून काही करेल.

फोन वाजला. आता ताई.

“ऋजू, बाक येतायत ना? आई इथे गरगर फिरतेय नुसती.”

सांगता आलं असतं काहीही. टेम्पो पंक्चर झालाय. पॉलिश ओलं आहे, साडीला लागेल. मला पटापट सुचतं.

“ताई... नाही येत.”

“म्हणजे?”

“एकाच्या पायाला तडा गेलाय. आज नाही, दहा दिवस झाले. मी तो बुजवला. दुसऱ्याचं मला माहीत नाही.”

पलीकडे हिरव्या चुड्याची किणकिण चालू होती. ती थांबली.

“फोटोत तर काही दिसत नव्हतं.”

“हो.”

“मी तिथे बसणार होते, ऋजू.”

“हो.”

तिचा हात कुठे गेला असेल ते मला न बघता कळलं.

“सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागव,” मी म्हणाले. “आणि टेबलाला टेकू नकोस ताई. कुणालाच टेकू देऊ नकोस. त्याचंही नक्की नाही.”

“हे आईला कोण सांगणार?”

“मी येऊन सांगते. सगळ्यांसमोर.”

“आत्यासमोर?”

“आत्यासमोर.”

“बरं,” ती म्हणाली. “रिकाम्या हाताने ये. पण ये.”

फोन बंद झाला. अफजलभाईंनी बाक टेम्पोतून खाली उतरवला होता. मी सांगितलं नव्हतं.

डोळे पुसले आणि वळले, तर माझा जीवच उडाला. सदोबा मिस्त्री डाव्या बाकावर बसले होते. हातात चहाचा ग्लास, पाठ ताठ, पाय एकावर एक.

“मिस्त्री! उठा, उठा! अहो, त्यालाच तडा आहे!”

बाक जरासा कुरकुरला.

ते तिसऱ्या पायापासून हातभर बाजूला सरकले. ग्लासात फुंकर मारली. एक घोट घेतला.

“माहितीये,” ते म्हणाले. “म्हणून तर याच्यावर बसलो.”