मुंगी मेली

"पण त्यानं मुंगी बघितली की, माय. मग दवाखान्यात न्यायचं कशाला?"

शेवंतानं हे विचारलं तेव्हा ती टेकाडावरच्या मठाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर दगडू, तिचा एकुलता एक. कडेवर घ्यायचं वय नव्हतं त्याचं, पाय पार तिच्या गुडघ्याखाली लोंबत होते. तरी सगळा चढ तिनं त्याला कडेवर घेऊनच चढला होता.

समोर गिरजामाय चिंचा फोडत होती. मठाची म्हातारी बैरागीण. तिनं मान वर केली नाही.

"कधी पडला?"

"सकाळी. सायकलवरनं."

"हं..."

चिंचोका एकीकडं, गर एकीकडं.

आता ही मुंगी कुठली, ते सांगायला पाहिजे. हल्लीच्या आयांना ठाऊक नसेल. त्यांची पोरं पडतच नाहीत. पडायला आधी झाडावर चढावं लागतं.

तेव्हा गावातली पोरं दिवसभर पडायची. जांभळीवरनं पडायची, गोठ्याच्या छपरावरनं पडायची, उभ्या बैलगाडीवर उड्या मारताना पडायची. गुडघा सोलून लेकरू भोकाड पसरत घरात आलं, की जी कोणी जवळ असेल ती बाई जमिनीवर थाप मारायची आणि म्हणायची, मुंगी मेली, बघ, तुझ्याखाली सापडून बिचारी मुंगी मेली. लेकरू रडं विसरून मुंगी शोधायला लागायचं. मुंगी कधी कुणाला सापडली नाही. तोवर जखमेवर हळद दाबून व्हायची. काय दिवस होते. अंगणात थाप वाजली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, आज कुणाची गं मुंगी मेली?

अडायचं ते हळदीनं न भागणाऱ्या पडण्याला. आणि ते हळदीनं भागणारं आहे की नाही, हे ओळखण्याला.

तालुक्याचा दवाखाना नदीपलीकडं. जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, आणि परत आल्यावर सासूचं तोंड. एवढ्याशा खरचटण्याला दवाखाना? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? बाई गेली तरी चुकली आणि नाही गेली तरी चुकली. म्हणून बायका लेकराला उचलून मठात यायच्या.

गिरजामाय औषध देत नसे. अंगारा नाही, दोरा नाही, मंतर नाही. लेकरू समोर ठेवलं की जमिनीवर थाप मारायची, मुंगी मेली म्हणायची, मग त्याच्या आईशी घडीभर इकडच्या तिकडच्या गोष्टी करायची आणि शेवटी दोनातलं एक सांगायची. घरी ने. नाहीतर, दवाखान्यात ने. ती दवाखान्यात ने म्हणाली की गावातल्या एकाही सासूची पुढं बोलायची छाती नव्हती. आणि तिचं म्हणणं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शेवंता चौथी शिकलेली. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. मठ झाडायचा, पाणी भरायचं, दिव्याची वात करायची, हे सगळं ती लग्न होऊन गावात आली तेव्हापासून करत आलेली. करता करता बघायचीही. आणि बघून बघून तिनं मायचं गुपित शोधून काढलं.

लेकरानं मुंगी बघायला मान वळवली, की माय म्हणते घरी ने. लेकरू मुंगी बघत नाही, नुसतं कण्हत राहतं, की माय म्हणते दवाखान्यात ने. झालं. यात काय अवघड आहे?

एकदा तिनं मायला ते तोंडावर बोलून दाखवलं. म्हणाली, मला कळली तुझी खूण.

"हं..." माय म्हणाली.

शेवंतानं त्या हं-ला गुरुमंत्र धरलं.

मग ती आपल्याच ओट्यावर पोरं बघायला लागली. थाप मारायची, मुंगी मेली म्हणायची आणि पोराच्या मानेकडं बघून लगेच निकाल द्यायची. आयांशी गप्पा मारत बसायला तिला वेळ नव्हता. एखादी बाई सांगायला लागली, की अगं पण हा काल रात्रीपासून असा, तर शेवंता तिला मध्येच तोडायची. तुझं राहू दे, मला पोराचं बघू दे. बायकांनाही ते सोयीचं होतं, टेकाडाचा चढ वाचत होता. निकालही बरोबर येत गेले. शेवंता चारचौघींत म्हणायला लागली, की मायचं आता वय झालं, कशाला तिला उठवायचं.

गोष्ट मठात पोचलीच.

"तुझं दुकान बरं चाललंय म्हणे," माय एकदा म्हणाली.

"दुकान कसलं, माय. तुझीच विद्या."

"माझी?... असेल बाई."

शेवंताला त्यातली मेख कळली नाही. कौतुक वाटलं.

आणि मग ती सकाळ. दगडूच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून याचं नाव दगडू ठेवलेलं, देवानं नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढं जावं म्हणून. तो दगडू बापाची मोठी सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून, उतारावर गेला आणि पडला. हँडलचं टोक पोटात बसलं. रडत घरी आला. शेवंतानं सदरा वर करून बघितलं. बरगडीच्या खाली एक लालसर गोल वळ. रक्त नाही, काही नाही.

तिनं थाप मारली. मुंगी मेली, बघ.

दगडूनं मान वळवून बघितलं. हसलासुद्धा. दिसत नाही आई, म्हणाला.

शेजारणीनं डोकावून विचारलं, तर शेवंता म्हणाली, काही नाही, मुंगी बघितली त्यानं.

मग ती भाकरी करायला बसली. दगडू भिंतीला टेकून बसला होता. खेळायला जा म्हणाली, तर नको म्हणाला. खांदा दुखतो म्हणाला. पोटाला लागलं तर खांदा कशाला दुखेल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपली. पुढचीही करपली. दगडूनं चतकोर खाल्ली. ती म्हणाली, खाल्ली की, मग काय. नवरा बाजाराला गेलेला. त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली, भांडी घासली, आणि उन्हाचं पोराला उचलून मठाकडं निघाली. वाटेत कुणी विचारलं तर म्हणाली, मायकडं काम आहे.

ती ही अशी पायरीवर येऊन बसली होती.

"चालता येतंय त्याला?" मायनं विचारलं.

"येतंय. मीच उचललं."

"उलटी?"

"नाही."

"खाल्लं?"

"चतकोर भाकरी खाल्ली. पाणी प्याला. मुंगी तर लगेच बघितली, माय. वर हसलासुद्धा."

"मग काही नाही."

"तेच म्हणते मी."

"बरं."

चिंचेचं टरफल कडकन मोडलं. दगडूनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"घरी नेते मग," शेवंता म्हणाली.

"ने."

...

शेवंता उठली नाही. पदरानं दगडूचं कपाळ पुसलं. तिथं पुसायला काही नव्हतं, कोरडंच होतं, गार होतं.

"जा की," माय म्हणाली. "ऊन उतरायच्या आत पोच."

"जाते."

...

खाली रस्त्यावर दूधवाल्याचा टेंपो येऊन थांबला होता. कॅनांचा आवाज वर येत होता. शेवंता पायरी धरून बसली होती, जसं काही कुणी तिला तिथून ओढून नेणार होतं.

गिरजामायनं पहिल्यांदा मान वर केली. दगडूकडं नाही. शेवंताकडं बघितलं.

"तू जेवलीस?"

"मी?"

"तू."

"...नाही."

"का?"

"घास उतरंना."

गिरजामाय उठली. मांडीवरचा सगळा गर, सगळे चिंचोके धुळीत सांडले. तिनं ते बघितलंही नाही. काठी न घेता मठाच्या कडेपर्यंत गेली आणि खालच्या टेंपोवाल्याला हाक मारली. त्या म्हातारीला एवढा आवाज आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

मग मागं वळून एवढंच म्हणाली, "ऊठ, बाई."

शेवंता कशी उतरली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. कॅनांच्या मध्ये पोराला मांडीवर घेऊन ती नदी ओलांडून गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी दगडूचं पोट हळूच दाबलं, पापणी ओढून बघितली, खांद्याचं विचारलं, आणि लगेच सलाईन लावून गाडी काढायला लावली. पोटात आतल्या आत रक्त सांडत होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी पोट उघडावं लागलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई नंतर तिला म्हणाल्या, की वेळेवर आणलंत, हे पोर घरी झोपवलं असतं तर झोपेतच गेलं असतं.

दगडू आज दोन पोरांचा बाप आहे. त्याच्या पोटावर उभा वण आहे. पोरं त्यावरनं बोट फिरवतात आणि विचारतात, इथं काय होतं? तो म्हणतो, सायकल.

मठ आता पक्का झालाय. फरशी बसली, नळ आला, पायऱ्यांना लोखंडी कठडा आला. खालचं चिंचेचं झाड मात्र रस्ता रुंद करताना गेलं. गिरजामाय तर त्याच्याही आधी गेली. शेवंता अजून तिकडं जाते तेव्हा फरशीवर बसत नाही, कडेच्या मातीत बसते. सुना हसतात, हसू देत.

पण सांगायची ती गोष्ट तेव्हाची. दगडूचे टाके सुकले, तो घरी आला, अंगणात फिरायला लागला, तेव्हा शेवंता एकटीच टेकाड चढून गेली. मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मायनं पाय मागं घेतले नाहीत.

मग शेवंता उठून बसली. नाक पुसलं. आणि तिच्यातली ती फटकळ बाई परत आली.

म्हणाली, की ओट्यावरचं दुकान मी बंद केलं. पण मला एक कळलं पाहिजे. इतकी वर्षं मी झाडू मारता मारता तुझ्याकडं बघत आले. प्रत्येक लेकराला तू जमिनीवर थाप मारलीस, प्रत्येकाला मुंगी दाखवलीस. माझ्या पोराला तू हात लावला नाहीस, थाप मारली नाहीस, नीट बघितलंसुद्धा नाहीस.

"खरंय," माय म्हणाली.

"मुंगीत काहीच नव्हतं?"

"काय असणार? मुंगी तरी कुठं होती?"

"मग मारायचीस कशाला थाप?"

गिरजामायनं खाली चढाकडं बघितलं. खालून कुणाचं तरी पोर रडत, आईच्या कडेवर, चढ चढून येत होतं. आई वाटेतूनच काहीतरी सांगत होती, पण पोराच्या रडण्यात काही कळत नव्हतं...

"पोरगं गप झाल्याशिवाय," माय म्हणाली, "आईचं ऐकू कसं येणार?"