माळढोकाचं एकच अंडं

“पण बाबा, तुम्ही उठणार तरी कधी?”

“ती उठली की.”

“ती? ... कोण ती?”

सिदाप्पा धनगराची नजर गवतावरच होती. तीन दिवस तो असाच माळावर, खड्डे खणणाऱ्यांच्या वाटेत मांडी घालून बसला होता. मेंढरं त्यानं लांबच्या चढाला वळवली होती. इथलं गवत गुडघ्याएवढं, कोवळं, तरीही.

समोर उभे होते हेरंब साठ्ये. उजाड डोंगर हिरवे करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. मागं ट्रॅक्टरभर रोपं.

“मी झाडं लावायला आलोय, बाबा. तोडायला नाही.”

“खाली बसा.”

“मला वेळ नाही...”

“उभ्या मानसाला ती दिसत न्हाई. दबून बसती.”

साठ्ये नाइलाजानं बसले. बराच वेळ नुसतं गवत हलत राहिलं.

मग त्यांना दिसलं. तीसेक पावलांवरच्या गवताला एक डोळा होता.

डोळा मिटला, उघडला. त्याच्याभोवती हळूहळू मान दिसली, तपकिरी पाठ दिसली. माळढोकाची मादी. साठ्यांनी तिला आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं.

ऊन चढलं तशी ती पाय मोकळे करायला उठली. केवढा पक्षी! राणीसारखी मान ताठ करून चार पावलं चालली. ती उठली तिथं, गवतातल्या उघड्या मातीच्या पट्ट्यावर, एक अंडं होतं.

“घरटं?”

“करत न्हाई.”

“बाकीची अंडी?”

“एकच घालती. वर्साला एक.”

साठ्ये कुजबुजले, “मग सावलीला, आडोशाला झाड नको का तिला?”

सिदाप्पानं बोट वर केलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या एकुलत्या बाभळीवर दोन कावळे बसले होते. माळाकडे तोंड करून.

साठ्ये कावळ्यांकडे पाहत राहिले. मग त्या उघड्या अंड्याकडे...

ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच मागं सरकले, गडीमाणसांना हातानं खुणावून परत पाठवलं. जवळचा खड्डा त्यांनी स्वतःच्या ओंजळीनं बुजवला. सिदाप्पानं त्यांना मदत केली नाही.

साठ्ये मग रोज येऊ लागले. लांबवर बसायचे. पाऊस आला तर भिजायचे. छत्री उघडली तर ती दचकेल, म्हणून.

पंचविसाव्या दिवशी गवतातून मादी चालत निघाली. तिच्या मागं मातीच्या रंगाचं, धडपडणारं एक पिल्लू.

साठ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सिदाप्पाच्या पायांना हात लावला.

“बाबा, एवढी रानं उभी केली मी, पण इथं माझं शहाणपण थिटं पडलं. आता तुम्हीच सांगा. हा एवढा मोठा माळ... असाच रिकामा सोडायचा?”

सिदाप्पानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, सायेब. भरल्या घरात बसलोय आपन.”