तात्यांच्या डोळ्यांचा कागद

उंबरवाडी नावाच्या गावात एक भोळा घरजावई राहायचा. त्याचं नाव भागुजी. सांगितलं तेवढं करायचा, न सांगितलेलं करायचा नाही. एवढ्यावरून गाव त्याला खुळा म्हणायचं.

त्याचे सासरे तात्या. ते शहाणे होते, असं ते स्वतःच सांगायचे. तात्यांना बारा वर्षांपासून डायबेटिस होता. ते गोळी घ्यायचे आणि वर लाडू खायचे. नर्सबाई दरवर्षी बजावायच्या, "डायबेटिसवाल्यांनी वर्षातून एकदा डोळे आतून तपासून घ्यावेत. डोळा आत बिघडत असतो आणि बाहेर काही कळत नाही."

तात्या म्हणायचे, "मला सुईत दोरा ओवता येतो." बारा वर्षांत त्यांना दोरा ओवताना कुणी पाहिलं नव्हतं.

खरं म्हणजे तात्या घाबरत होते. त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे याच दुखण्यानं गेले होते. पण म्हातारी माणसं घाबरली की घाबरलो म्हणत नाहीत, ती समोरच्याला अडाणी म्हणतात.

भागुजीची बायको सुंदरा चुलत्यांना भिंत चाचपत चालताना बघून मोठी झाली होती. बापाचं तसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिच्या हाताशी दोन माणसं होती. एक मुळीच ऐकायचं नाही आणि दुसरं जरा जास्तच ऐकायचं.

आधी रक्त तपासायचं ठरलं. भागुजी तात्यांना घेऊन तालुक्याला गेला. वाटेत तात्यांनी मिसळ खाल्ली, वर दोन पाव जास्तीचे. रक्त घेणारा ओरडला, "रिकाम्या पोटी यायचं असतं, कळत नाही?"

सुंदरानं कपाळावर हात मारला. "अहो, तपासणीला जाताना त्यांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही!"

"बरं," भागुजी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी होती. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. पण भागुजीच्या लेखी तपासणी ती तपासणी. तात्यांनी सकाळची गोळी घेतली आणि भागुजीनं त्यांच्या पुढची भाकरी उचलली. चहा त्यानं स्वतःच पिऊन टाकला. एसटी स्टँडवर तात्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले आणि ते बाकावर आडवे झाले. चहावाल्यानं पळत येऊन तोंडात साखर घातली तेव्हा कुठे उठले. तपासणी राहिली.

"गोळी घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते, अहो!" सुंदरा रडकुंडीला आली. "घाम फुटला, थरथर सुटली की लगेच साखर तोंडात घालायची. खिशात पुडीच ठेवा."

"बरं."

चार दिवसांनी ग्रामसभा भरली. तात्या नळाच्या पाण्यावर बोलायला उभे राहिले. हेच भाषण ते वीस वर्षं करत होते आणि नळाला पाणी आलं नव्हतं. सरपंच जांभई देताना दिसला आणि तात्या भडकले. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. "या गावात वडीलधाऱ्यांना..." एवढं बोलले आणि भागुजीनं मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली. पुढचं भाषण खोकण्यात गेलं. गाव पोट धरून हसलं.

तात्या घरी येऊन गरजले, "गाढवा, आधी विचारायचं! त्रास होतोय का? मी नाही म्हटलं की विषय संपला!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी सुंदरानं दोघांना पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. दारात भागुजी थांबला. "तात्या, काही त्रास होतोय का?"

"छे! काही नाही."

विषय संपला. दोघं घरी आले.

"त्रास व्हायच्या आतच तपासायचं असतं हो!" सुंदरानं हातातलं लाटणं आपटलं. "आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा कागद हातात असल्याशिवाय परत घराचा उंबरा ओलांडायचा नाही. समजलं?"

"बरं."

महिनाभर तात्यांनी चालढकल केली. मग एका सकाळी ते अंगणात बसल्या बसल्या हात झटकायला लागले. "भागुजी, डोळ्यापुढं काळी माशी फिरतीय बघ. हाण तिला."

भागुजीला माशी दिसली नाही. पण तात्या म्हणतात तर असणारच. त्याच्या हातात केरसुणी होती. त्यानं तात्यांच्या बरोबर दोन डोळ्यांच्या मध्ये हाणली.

"गेली का?"

"नाही रे मेल्या!"

भागुजीनं परत हाणली.

आवाज ऐकून सुंदरा बाहेर आली. बापाला केरसुणीचा मार बसला याचं तिला काहीच वाटलं नाही. माशीचं ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. चुलत्यांनाही आधी माश्याच दिसल्या होत्या. "आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "कागद आणा."

दवाखान्यात रांग मोठी होती. तात्यांचे पाय दारातच अडखळले. मग त्यांना एकदम भूक लागली. "मी समोर भजी खाऊन येतो. माझ्या जागी तू बस."

भागुजी तात्यांच्या जागी बसला. तात्यांचं नाव पुकारलं, तेव्हाही तो त्यांच्याच जागी होता. म्हणून आत गेला.

"वय एकाहत्तर?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा सावरला.

"तात्यांनी सांगितलंय तसं," भागुजी म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत थेंब पडले. बाहुल्या मोठ्या झाल्या, जग पांढरं झालं. बाईंनी आत दिवा टाकून बराच वेळ पाहिलं. "या वयात इतके निरोगी डोळे मी पाहिले नाहीत," असं म्हणून त्यांनी तसा कागद लिहून दिला. "काही तास नीट दिसणार नाही. सोबतच्या माणसाचा हात धरूनच घरी जा."

"बरं."

बाहेर येऊन भागुजीनं भजी खाऊन आलेल्या तात्यांचा हात धरला. तात्यांनी कागद छातीशी धरला. उन्हात डोळे दिपलेला भागुजी आणि माश्यांतून वाट काढणारे तात्या असे दोघं एसटीत चढले. पाटी कोणती ते एकानंही वाचलं नाही.

संध्याकाळी ते उतरले, सवयीनं डावीकडचं तिसरं घर गाठलं आणि तात्यांनी फर्मान सोडलं, "सुंदे, चहा ठेव! आणि हे ऐक. तुझ्या बापाचे डोळे निरोगी आहेत, असं खुद्द डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय." त्यांनी कागद समोर धरून सगळा वाचून दाखवला.

घरातली बाई पदर सावरत पुढं आली. "बाबा, ही कोल्हेवाडी आहे. मी सुंदा नाही. आणि कागद तुम्ही उलटा धरलाय."

तात्यांनी कागद फिरवला आणि डोळ्यांजवळ नेला. अक्षरांवरून माश्याच माश्या चालल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. हात थरथरायला लागले.

भागुजीला घाम दिसला नाही, पण हातातला हात थरथरताना कळला. या वेळी तो चुकणार नव्हता. त्यानं आधी विचारलं, "तात्या, काही त्रास होतोय का?"

तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. "होतोय रे भागुजी. मला दिसत नाही."

भागुजीनं खिशातली अख्खी पुडी त्यांच्या तोंडात रिकामी केली.

"अगं बाई!" घरातली बाई म्हणाली. "बाबा, सकाळची पहिली गाडी पकडा आणि आधी त्या दवाखान्यात जा. जाल ना?"

तोंड साखरेनं गच्च भरलं होतं, त्यामुळे तात्यांना नाही म्हणता आलं नाही.